हेडर बसवलेली बीटल आणि पावसात धूसर होणारी काच: हीटरचे पर्याय आणि दुरुस्ती

पाऊस लागला की फोक्सवॅगन बीटलवाल्यांची एकच तक्रार सुरू होते. गाडी काढून दहा मिनिटं झाली की पुढच्या काचेवर आतून वाफ धरते. मागे दोघं बसलेली असली तर पाच मिनिटांतच, आणि फडक्याने पुसलेली काच पुढच्या सिग्नलपर्यंत परत पांढरी. मूळ सायलेन्सर काढून फोर-इन-वन हेडर (चारही सिलिंडरचा धूर एका पाइपात आणणारा एक्झॉस्ट) बसवलेल्या गाडीत तर हे हमखास होतं, कारण हेडर बसवताना बहुतेक ठिकाणी हीटर बॉक्सही, म्हणजे एक्झॉस्ट पाइपाभोवती हवा तापवणाऱ्या पेट्याही, काढले जातात. गोव्यात हीटर कशाला हवा, हा त्यामागचा विचार. पाय शेकायला तो खरोखरच नको. पण बीटलमध्ये काच गरम करायची दुसरी सोयच नाही. काचेवर जी काही गरम हवा येते ती याच बॉक्समधून.

तेव्हा गरज नेमकी काय आहे ते आधी ठरवा. केबिन तापवायची नाही, पुढची काच दोन-तीन अंशांनी गरम ठेवायची आहे. त्याला किती उष्णता लागते याचा हिशेब मांडला की महागडे पर्याय आपोआप गळतात.

हिशेब

जुलैच्या झडीत बाहेरची हवा २४ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के धरा. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातलं पाणी सुटू लागतं तो, सुमारे २३ अंश. पाऊस अंगावर घेणारी काच २४ अंशांच्या आसपास. म्हणजे नुसती बाहेरची हवा काचेवर सोडली तर नवी वाफ धरणार नाही, पण धरलेली वाफ लवकर सुकणारही नाही. आता आत चार माणसं बसली. प्रत्येक माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला साधारण ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. खिडक्या बंद असल्या की आतल्या हवेचा दवबिंदू २६-२७ अंशांवर चढतो, काच त्याच्या खाली राहते आणि पाणी काचेवर उतरतं. ओल्या छत्र्या, रेनकोट आणि भिजलेल्या मॅटचं पाणी वेगळंच.

काचेवर येणारी हवा बाहेरची असेल आणि काच २७ अंशांच्या पुढे राहिली तर प्रश्न मिटतो. तासाला ५० घनमीटर हवा १० अंशांनी गरम करायला सुमारे १७० वॉट लागतात. २४ अंशांची ती ओली हवा ३४ अंशांवर गेली की तिची आर्द्रता ९५ वरून ५३ टक्क्यांवर येते आणि काचेवरचं पाणी ती उचलू लागते. १५० वॉटचा छोटा विजेचा हीटर बर्फाच्या मुलखात कुचकामी ठरतो, पण आपल्याकडे तेवढा पुरतो. अट एकच: हवा काचेवरच गेली पाहिजे, डॅशखाली पसरून चालणार नाही.

आधी वाफ कुठून येते ते पाहा

बोट काचेच्या आतल्या बाजूने फिरवा, मग बाहेरून. बाहेरची रेघ साफ उठली तर वाफ बाहेरून धरली आहे. गाडीत एसी बसवून घेतला असेल तर असं होतं. काच फार थंड झालेली असते, एसीचा झोत काचेवरून वळवला की काम होतं. त्याला हीटर लागत नाही.

वाफ आतून असेल तर ती कुठे सुरू होते ते बघा. सगळ्या काचेवर सारखी धरली तर पाणी माणसांचं आणि कार्पेटचं आहे. काचेच्या तळाशी, हवेच्या फटींच्या वरच, पंख्यासारखी पसरत गेली तर ओली हवा हीटरच्याच नळ्यांतून येते आहे. हेडर बसवलेल्या गाड्यांत हे फार वेळा सापडतं आणि त्याकडे फारसं कुणी पाहत नाही. बोटाला तेलकट, निळसर पडदा लागला तर इंजिनाकडची हवा आत येते आहे. ही खूण दिसली तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि खालचा कार्बन मोनॉक्साइडचा भाग आधी करा.

उदबत्तीची परीक्षा सोपी आहे. इंजिन आयडलवर ठेवा, काचेखालच्या फटीशी पेटलेली उदबत्ती धरा, धूर हलतो का बघा. मग कुणाला तरी साधारण २५०० आरपीएमपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर द्यायला सांगा. हीटर बॉक्स काढलेले असतानाही धूर ढकलला जात असेल तर मागून कुठली तरी नळी उघडी आहे. मात्र बीटलचं इंजिन मागे असतं आणि पुढच्या हुडाखाली पेट्रोलची टाकी असते. हुड उघडा असताना किंवा पेट्रोलचा वास येत असताना ही परीक्षा करू नका.

हेडर बसवताना राहिलेली तीन भोकं

ही व्यवस्था कशी चालते ते थोडक्यात. १९६३ च्या मॉडेलपासून फॅन हाउसिंगच्या (इंजिन गार करणाऱ्या पंख्याच्या डब्याच्या) दोन्ही बाजूंच्या तोंडांतून ताजी हवा दोन नळ्यांनी हीटर बॉक्समध्ये जाते. १ आणि ३ नंबरच्या सिलिंडरचे एक्झॉस्ट पाइप या बॉक्समधून जातात, त्यांच्याभोवती हवा तापते. तिथून ती लवचिक नळीने बॉडीच्या पाइपात, मग दारांखालच्या हीटर चॅनेलमधून पुढे आणि शेवटी काचेखाली पोचते. हेडरवाल्या गाडीत या बॉक्सच्या जागी साधे जे-पाइप येतात. बॉक्स गेले, पण त्यांच्या दोन्ही टोकांना जोडलेलं सगळं तसंच राहतं.

पहिलं भोक बॉडीच्या पाइपांचं. मागच्या सीटखाली, गिअरबॉक्सच्या दोन्ही अंगांना हे दोन पाइप उघडे लोंबत असतात. रस्त्यावरचं पाणी, चाकांचा फवारा, इंजिनाखालची हवा आणि सायलेन्सरच्या जोडातून गळणारा धूर, सगळं यांतून चॅनेलमध्ये शिरतं आणि पुढे काचेवर निघतं. उंदीरही इथूनच येतात. पाइपाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा, त्या मापाची जाड रबरी टोपी घाला आणि वर्म-ड्राइव्ह क्लिपने आवळा. चिंधी कोंबू नका, ती पाणी धरून ठेवते आणि पाइप आतून कुजतो. टोपी घालायच्या आधी चॅनेलमध्ये साचलेलं पाणी काढा. गाडीचं नाक जॅकने वर घ्या आणि मागच्या पाइपातून निथळू द्या. पाण्याबरोबर तांबडी माती आणि गंजाच्या खपल्या पडल्या तर चॅनेल तपासायला हवं.

दुसरं भोक फॅन हाउसिंगच्या तोंडांचं. ती उघडी राहिली तर सिलिंडरवर जायची थंड हवा इंजिनखोलीतच वाया जाते. मे महिन्यात अनमोड चढताना इंजिन तापतं आणि दोष कार्ब्युरेटरला दिला जातो. दोन्ही तोंडांना घट्ट टोप्या हव्यात, किंवा हीटरची तोंडं नसलेलं हाउसिंग.

तिसरं भोक इंजिनाच्या मागच्या पत्र्यातलं. हीटरच्या नळ्या ज्या दोन गोल भोकांतून खाली जात, ती उघडी राहिली की हेडरची गरम हवा खालून वर ओढली जाते आणि फॅन तीच गिळतो. पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या कापून चार-चार रिव्हेटनी बसवा. इंजिनखोलीच्या कडेचं रबर फाटलेलं असेल तर तेही याच वेळी बदला.

ही तीन भोकं बुजवली, टोप्या आणि चकत्या नीट बसवल्या, की बऱ्याच गाड्यांचा अर्धा त्रास तिथेच संपतो. एवढं झाल्यावरच हीटरवर पैसे घाला.

पाणी आत येऊ नये आणि हवा बाहेर जावी

१९६८ च्या मॉडेलपासून पुढच्या हुडाखाली ताज्या हवेची पेटी आहे. तिची निचऱ्याची नळी पानांनी तुंबली की पेटी भरते आणि पाणी डॅशमागून पायांशी उतरतं. मिरगाआधी नळी काढून फुंकून घ्या. दारांच्या आतल्या पुठ्ठ्यामागे प्लास्टिकचा कागद असतो. स्पीकर बसवताना तो फाडलेला असेल तर दारातलं पाणी पुठ्ठ्यातून आत येतं. नवा कागद ब्युटिल टेपने चिकटवा. काचेच्या रबरातून गळतं का हे पाहायला एकाने आत टॉर्च घेऊन बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून नळीची बारीक धार खालून वर न्यावी. वरून सुरुवात केली तर गळती कुठली ते कळत नाही.

कार्पेटखालचा ताग एकदा भिजला की चवथीपर्यंत सुकत नाही. तो काढूनच टाका. बंद पेशींचा फोम घाला, तो पाणी पीत नाही.

बीटलची बॉडी चांगली हवाबंद असते, खिडक्या बंद असल्या की दार आपटून लावावं लागतं ते त्यामुळेच. म्हणून पंखा कितीही मोठा लावला तरी आतल्या हवेला बाहेर जायची वाट नसेल तर नवी हवा येत नाही. १९७१ पासूनच्या गाड्यांत मागच्या बाजूच्या खिडक्यांमागे चंद्रकोरीसारख्या फटी आहेत. रंगकामात त्या बुजलेल्या नाहीत ना ते पाहा. जुन्या गाडीत पुढची तिकोनी खिडकी दोन बोटं उघडा, मागची कड बाहेर निघेल अशी. चालत्या गाडीत ती हवा बाहेर खेचते आणि पाऊस फारसा आत येत नाही.

काचही तेलकट नसावी. सम प्रमाणात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर घेऊन आतून पुसा. तेलाच्या थरावर वाफ लवकर आणि दाट धरते.

पर्याय पहिला: १५० वॉटचा विजेचा हीटर

गोव्यात राहणाऱ्या आणि हेडर न काढू इच्छिणाऱ्या माणसाने हाच निवडावा. १२ व्होल्टचा सिरॅमिक हीटर घ्या. हा ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःच करंट कमी करतो, तारेच्या गुंडाळीसारखा लाल होत नाही. ऑनलाइन ३०० आणि ५०० वॉट छापलेले मिळतात, छापील आकड्यावर जाऊ नका. क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजणारा) लावा: १२ ते १३ अ‍ॅम्पिअर दाखवले म्हणजे १५० वॉट. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचा प्रकार टाळा. जुन्या गाडीतला तो सॉकेट आणि त्याची वायर सतत १२ अ‍ॅम्पिअर सोसत नाही, आधी प्लग वितळतो.

बसवायची जागा डॅशखाली, केबिनच्या बाजूला. हीटर आणि रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) दोन्ही हुडाखाली ठेवू नका. टाकीच्या जुन्या नळ्या चिरलेल्या असतात आणि तिथे पेट्रोलची वाफ साचू शकते. काचेखालच्या फटींना खालून येणाऱ्या मूळ नळ्या चॅनेलपासून सोडवा, चॅनेलचं टोक टोपीने बंद करा आणि त्या नळ्या हीटरच्या पंख्याला जोडा. दोन फटींसाठी वाय जोड लागतो. नळी जितकी आखूड तितकी बरी, कोपरे शक्यतो दोनच. हवा आत घ्यायचं तोंड ताज्या हवेच्या पेटीकडून घेता आलं तर उत्तम. १९६८ पूर्वीच्या गाडीत केबिनचीच हवा फिरते, म्हणून तिथे तिकोनी खिडकी उघडी ठेवायलाच हवी.

हीटरसोबत आलेला पंखा दुबळा वाटला तर भंगारातून मारुती ८०० चा ब्लोअर घ्या आणि पहिल्याच स्पीडवर चालवा.

वायरिंग असं करा:

१. बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडे आहे. पॉझिटिव्हपासून हातभर अंतराच्या आत २० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज. हा हीटर थंड असताना सुरुवातीला थोडा जास्त करंट ओढतो, १५ चा फ्यूज उगाच उडत राहतो.

२. फ्यूजपासून डॅशपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्लीव्हमध्ये, मधल्या टनेलच्या कडेने कार्पेटखालून. चार मीटरला पाव व्होल्टच्या आसपास घट होते, ती चालते. चॅनेलमधून वायर नेऊ नका, तिथे ओल आणि गंज दोन्ही.

३. ४० अ‍ॅम्पिअरचा रिले. त्याच्या कॉइलला पुरवठा इग्निशनवरून, आणि तोही पंख्याच्या स्विचमधून. पंखा बंद असेल तर हीटर लागताच कामा नये.

४. अर्थ थेट पत्र्यावर. रंग खरवडा, दातेरी वॉशर लावा, आवळून झाल्यावर वरून ग्रीस. समुद्राच्या हवेत नागडा अर्थ एका पावसाळ्यात हिरवा पडतो आणि मग हीटर कोमट होतो.

आता डायनमोचा प्रश्न, आणि इथेच बहुतेक जण अडकतात. १२ व्होल्टच्या जुन्या डायनमोची क्षमता ३० अ‍ॅम्पिअर. पावसातल्या रात्री हेडलाइट ९, बारीक दिवे २, इग्निशन ३, वायपर ४, म्हणजे १८ झाले. हीटर आणि पंखा मिळून १५ धरा. बेरीज ३३, ब्रेक लाइट अजून धरलेच नाहीत. शिवाय आयडलवर डायनमो जवळपास काहीच देत नाही. पणजीच्या बाजारात अर्धा तास अडकलात तर सगळा भार बॅटरीवर. मल्टिमीटर बॅटरीला लावा, सगळं चालू करा, इंजिन २००० आरपीएमवर ठेवा. १३.२ व्होल्टच्या वर राहिलं तर ठीक. १२.६ च्या खाली आलं तर बॅटरी रिकामी होते आहे.

यावरचा पक्का उपाय ५५ अ‍ॅम्पिअरचा ऑल्टरनेटर. त्याला डायनमोचं स्टँड चालत नाही. स्टँड, पट्टा आणि फॅनमागची प्लेट अशी ऑल्टरनेटरची जोडी घ्यावी लागते. आतच रेग्युलेटर असलेला घेतला तर जुना रेग्युलेटर काढा आणि बॅटरीकडची मुख्य वायर १० चौरस मिलिमीटरची करा. मागच्या प्लेटची खाच खालच्या बाजूला यावी, आणि फॅन व प्लेटमधलं अंतर शिम (पातळ चकत्या) घालून सुमारे दोन मिलिमीटर ठेवा. फॅन घासला तर त्याचा चुरा थेट सिलिंडरच्या पंखांत, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पात्यांत, जातो.

डायनमोच ठेवायचा असेल तर हीटर सतत चालवू नका. पंखा चालू ठेवा, काच धरू लागली की तीन-चार मिनिटं हीटर द्या आणि बंद करा.

पर्याय दुसरा: हीटर बॉक्स परत बसवणे

हिवाळ्यात बेळगाव, आंबोली किंवा त्याहून वर जाणारी गाडी असेल, किंवा गाडी मूळ स्थितीकडे न्यायची असेल, तर हा पर्याय. आधी हेडरच्या पाइपाचं माप घ्या. बाहेरून ३५ मिलिमीटर, म्हणजे एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच असेल तर नशीब चांगलं. जे-पाइप काढून त्याच जागी मूळ मापाचे बॉक्स बसतात, हेडर बदलावा लागत नाही. पाइप ३८ मिलिमीटरचा असेल तर मूळ बॉक्स जुळत नाहीत. त्या मापाचे वेगळे बॉक्स परदेशातून मागवावे लागतात आणि खर्च बराच वाढतो. रिड्युसर वेल्ड करून जोडायच्या भानगडीत पडू नका. तो जोडच पुढे चिरतो आणि धूर नेमका हीटरच्या हवेजवळ गळतो.

जुने मूळ बॉक्स आणि नवे नकली यांत मोठा फरक आहे. मुळांत पाइपाभोवती अ‍ॅल्युमिनियमचे पंख असतात, स्वस्त नकलांत नुसता पाइप. पंख नसलेला बॉक्स आपल्या काचेपुरता चालतो, थंड मुलखात नाही.

जुना बॉक्स घेताना ही तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका: एक्झॉस्ट पाइपाची दोन्ही तोंडं रबरी बूच लावून बंद करा, एका बुचात हवा भरायचा व्हॉल्व्ह आरपार बसवा, पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने जेमतेम ५-७ पीएसआय हवा द्या आणि बॉक्स पाण्याच्या पिंपात बुडवा. पाइपाभोवतालच्या पोकळीतून बुडबुडे आले तर बॉक्स भंगार. त्याला वेल्डिंगने वाचवता येत नाही, कारण भोक जिथे दिसतं त्याच्या आजूबाजूचा पत्राही कागदासारखा झालेला असतो.

लागणारं सामान: बॉक्सची जोडी, हाउसिंग ते बॉक्स दोन नळ्या, बॉक्स ते बॉडी दोन नळ्या, पुढच्या एक्झॉस्ट तोंडांची दोन पॅकिंग, हेडरच्या जोडाचे क्लॅम्प, झडपांच्या केबल दोन, केबल पकडायचे बारीक बॅरल आणि तोंडं असलेलं फॅन हाउसिंग. शेवटची गोष्ट विसरली जाते. हेडरसोबत हाउसिंगही बदललेलं असेल तर बॉक्सला हवाच मिळणार नाही.

एक्झॉस्टचे ८ मिलिमीटरचे नट आदल्या रात्री गंजतेलात भिजवा, सकाळी परत. गरम करून, थोडं सैल थोडं आवळ असं करत सोडवा. जोर लावून तोडलेला स्टड अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून काढायला इंजिन उतरवावं लागतं. बसवताना तांब्याचे नट वापरा, सुमारे २० न्यूटन-मीटर, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवून इंजिन थंड झाल्यावर परत एकदा आवळा.

बॉक्स बसवूनही हवा येत नसेल तर झडपा बघा. १९६५ पासूनच्या गाडीत हँडब्रेकच्या दोन बाजूंना दोन लिव्हर असतात. उजवी गरम हवा सोडते, डावी मागच्या पायांकडची तोंडं उघडते. एकाने उजवी लिव्हर उचलावी, दुसऱ्याने खाली वाकून दोन्ही बॉक्सचे हात पूर्ण फिरतात का ते पाहावं. बहुतेक वेळा एक फिरतो आणि दुसऱ्याची केबल नळीत गंजून बसलेली असते. काच अर्धीच सुकते ती यामुळे. आणि काचेवर हवा हवी असेल तेव्हा डावी लिव्हर खालीच ठेवा, नाहीतर निम्मी हवा मागच्या पायांना जाते.

मूळ व्यवस्थेत हवा इंजिनाच्या वेगावर अवलंबून, त्यामुळे आयडलवर ती नावापुरतीच. मालीमच्या जेटीवर होड्यांच्या इंजिनघराला लावतात तसला ७५ मिलिमीटरचा १२ व्होल्टचा नळीतला ब्लोअर इथे उत्तम चालतो. तो हाउसिंग आणि बॉक्स यांच्या मध्ये, थंड बाजूला बसवा. बॉक्सच्या पुढे बसवला तर प्लास्टिकचा पंखा एका घाटात वितळतो.

हेडर आणि बॉक्सला उष्णतारोधक पट्टी गुंडाळायचा मोह टाळा. ती इथल्या खाऱ्या ओलाव्यात भिजते आणि पाइप पट्टीखालूनच सडतो. सडलाय ते दिसतही नाही.

डिझेल हीटर आणि बाकीचे

कॅम्परसाठी विकले जाणारे दोन किलोवॅटचे डिझेल हीटर स्वस्त झालेत. आपल्या गरजेच्या दहापटीहून जास्त उष्णता, वेगळी डिझेलची टाकी, वेगळा धुराचा पाइप आणि सुरू होताना ८-१० अ‍ॅम्पिअर. बीटलमध्ये त्याला सोयीची जागा पुढच्या हुडाखालीच सापडते, आणि तिथे पेट्रोलची टाकी आहे. बसवू नका. टाकी एकच असावी म्हणून त्यात पेट्रोल घालण्याचा विचार तर अजिबात नको. इंजिन ऑइल पुढे आणून रेडिएटरने हवा तापवण्याचा प्रकारही सोडून द्या: तेल तापायलाच वीस मिनिटं लागतात आणि नळी फुटली तर उकळतं तेल पायांवर.

कॉम्बीमध्ये, म्हणजे फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये, मात्र हिशेब बदलतो. तिथे गरम हवा गाडीखालच्या लांब पाइपातून पुढे येते आणि वाटेत बरीच थंड होते. बॉक्स चांगले असले तरी डॅशजवळचा विजेचा हीटर जास्त कामाचा.

कार्बन मोनॉक्साइड

हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही. पेट्रोलच्या धुराचा वास आला तरच धोका, असं समजू नका. बॉक्सच्या आत पाइपाला भोक पडलं, किंवा हेडरच्या तोंडाचं पॅकिंग फुंकलं आणि बॉडीचे पाइप उघडे असले, तर तो थेट काचेखालून तुमच्या तोंडावर येतो. डोकं जड होणं, मळमळ, झोप येणं अशी लक्षणं दिसली तर गाडी बाजूला घ्या, सगळ्या खिडक्या उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा. खिडक्या बंद ठेवायचा पाऊस असेल तेव्हाच हा धोका सर्वांत मोठा.

गळती शोधायला इंजिन थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरचा फुंकायचा झोत सायलेन्सरच्या टोकात द्या आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावा. इंजिनाची चार एक्झॉस्ट तोंडं, हेडरचे सरकते जोड, कलेक्टर (चार पाइप एकत्र येतात तो भाग). गतिरोधकावर हेडर आपटलेला असेल तर तोंडाची पट्टी वाकते आणि नवं पॅकिंगही महिनाभरात जातं. पट्टी सपाट केल्याशिवाय पॅकिंग बदलून उपयोग नाही.

बॅटरीवरचा, आकडा दाखवणारा अलार्म डॅशवर कायम ठेवा. घरगुती अलार्म ५० पीपीएमला तासाहून अधिक वेळ गेल्याशिवाय वाजत नाहीत, म्हणून आवाजाची वाट न पाहता आकडा वाचा. बंद खिडक्यांत हीटर पूर्ण उघडून, आधी उभ्या आणि मग चालत्या गाडीत दहा-दहा मिनिटं बघा. आकडा शून्यावर राहायला हवा.

सहा व्होल्टच्या गाड्या

पोर्तुगीज काळात, म्हणजे डिसेंबर १९६१ पूर्वी आलेली गाडी असेल तर दोन गोष्टी वेगळ्या. तिची वीज सहा व्होल्टची, आणि मूळ हीटर जुन्या पद्धतीचा, सिलिंडरवरून गेलेलीच हवा आत आणणारा. इंजिनाने जरा तेल सोडलं की काचेवर तेलकट पडदा येतो. तिथे जुना हीटर चालू करण्याआधी पुशरॉड ट्यूबची सीलं आणि व्हॉल्व्ह कव्हरची पॅकिंग बदला, सिलिंडरवरचं तेल धुवून काढा. १५० वॉटचा हीटर सहा व्होल्टवर २५ अ‍ॅम्पिअर मागतो, तो जुन्या डायनमोला झेपणार नाही. गाडी सहा व्होल्टचीच ठेवायची असेल तर पाइपांना टोप्या, फोमचं कार्पेट, तिकोनी खिडकी आणि काचेवर रोखलेला एक छोटा पंखा एवढ्यावर भागवा. पंखा १२ व्होल्टचाच मिळाला तर ६ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा, किमान ५ अ‍ॅम्पिअरचा. दोन अ‍ॅम्पिअरचा पंखा सहाच्या बाजूने चाराहून जास्त ओढतो, तेव्हा फ्यूज साडेसात अ‍ॅम्पिअरचा.